लाइलने न फेकलेला चेंडू

ओमाहा, २९ ऑक्टोबर १९७४

चि. हार्लनला ताईचे अ. आ.

तुझ्या बायकोच्या हातचं खाऊन माझा लाइल चांगलाच सुटला असेल! आठ तारखेच्या फुटबॉल सामन्याला विद्यापीठाचा माणूस शिष्यवृत्तीसाठी त्याची फेक पाहायला येणार, असं त्याने कळवलंय. हार्लन, त्याचे वडील गेल्यापासून पुढच्या शिक्षणाला त्या पोराच्या खांद्याशिवाय आधार नाही. तुझ्या संघाच्या खेळाला गावात ‘नांगरणी’ म्हणतात म्हणे. एक दिवस नांगर बाजूला ठेव. फेकू दे त्याला.

माया आहेच, ती असू दे.
आर्डिथ

ब्रॅनक्रीक, ४ नोव्हेंबर

ति. ताईस सा. न. वि. वि.

माझ्याकडे सतरा पोरं. चढाईला तीच, बचावालाही तीच. समोर चाळीस. फेक वाया गेली की घड्याळ थांबतं. चार डावांत दहा यार्ड सरकलो नाही, तर चेंडू त्यांचा. मग माझी दमलेली पोरं त्यांच्यामागे पळणार. गेल्या महिन्यात अशाच दमलेल्या डेलची मान दुखावली. अजून त्याचा डावा हात उचलला जात नाही. तीन-तीन यार्ड सरकत चेंडू आपल्याकडेच ठेवला, तर घड्याळ पळतं आणि त्यांचे तगडे गडी बाकावर बसून राहतात. म्हणून फेकायचं नाही. लाइलला सांगितलं, तर पोरगा जेवला नाही.

रागाव, पण लोभ तोडू नकोस.
हार्लन

ब्रॅनक्रीक, ९ नोव्हेंबर

ति. ताईस सा. न.

सात-सहा. जिंकलो. चार मिनिटं उरली असताना मला राहवलं नाही. लाइलला बोलावून म्हटलं, विद्यापीठाचा माणूस वर बसलाय, फेकायचं तर फेक, मी अडवणार नाही. त्याने गड्यांकडे पाहिलं. एकजण गुडघ्यांवर हात टेकून ओकत होता. लाइल म्हणाला, मामा, चेंडू गेला तर ही पोरं आता उभी राहायची नाहीत. मग दर डावाला त्याने चेंडू मुकाट धावणाऱ्याच्या पोटाशी दिला, शेवटची शिट्टी होईपर्यंत. तो माणूस आधीच उठून गेला होता.

तुझा अपराधी
हार्लन

ओमाहा, १२ नोव्हेंबर

चि. हार्लनला अ. आ.

फोनवर लाइल ‘जिंकलो’ एवढंच म्हणाला. बाकीचं तुझ्या पत्रातून कळलं. रडले. रागाने की कशाने, अजून ठरत नाही. शिक्षणाचं नंतर बघू. शुक्रवारच्या सामन्यासाठी रजा काढलीय. मैदानाला लागून जागा धर. मला त्याचा चेहरा दिसायला हवा.

तुझी ताई
आर्डिथ