दिवाणाखालचं भोक

महाड, १७ एप्रिल २००३, संध्याकाळ

इब्राहिमचाचांची गाडी सकाळी हिरकणीवाडीला गेली. कुवेतहून कायमचे परतलेत. चाचीला घेऊन फिरायचं म्हणून जुन्या मिनीबसचं घर केलं. टपावर सोलरचे पॅनेल, दिवाणाखाली बंद पेटीत ट्रकच्या दोन बॅटऱ्या. वायरिंग सगळं माझं.

पेटीतून गाडीबाहेर निघणारं बोटभर भोक मी पाडलं होतं. पॅनेलवाल्याने सांगितलं म्हणून. कशाला, ते विचारलं नाही. काल चाची म्हणाली, "बुजव रे ते. डोंगरातली जागा हाय, विंचू शिरंल." मी हसत रबरी बूच ठोकलं.

मघाशी दुकानात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीची वायर काढताना ठिणगी उडाली आणि बॅटरीचं टोपण फाटकन छताला लागलं. तेव्हा कळलं ते भोक कशाला होतं. वीस वर्षं ट्रकच्या बॅटऱ्या बसवतोय, पण ट्रकची बॅटरी बाहेर चासीला असते. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा गॅस सुटतो, तो वाऱ्यावर जातो. मला त्याचा विचार करायची सवयच नाही.

आज दिवसभर कडक ऊन होतं. बॅटऱ्या उकळल्या असतील, गॅस पेटीतून आत गाडीत झिरपत असेल. चाचांचा फोन लागत नाही. आता चाची चहा टाकेल. शेगडी दिवाणाला लागून ठेवलीय, ती जागाही मीच दाखवली.

हिरकणीवाडी गाठायला शेजारचा दुकानवाला मोटारसायकल आणायला गेलाय, तोवर हे लिहितोय. एका जागी बसवत नाही. एवढंसं बूच, बोटाने निघेल.

सकाळी निघताना मीच बजावलं होतं, "चाचा, तिकडं डास फार. दिवस कलला की काचा घट्ट लावून घ्या."