सात पर्वे आणि एक राहिलेला निरोप

मी, जगदेव रामधन इंगोले, वय वर्षे ७३, धंदा टीव्ही मालिकांचे लेखन (चार वर्षांपासून बंद), राहणार जऊळका, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम, माझ्यामागे माझ्या वस्तूंचे आणि शब्दांचे काय करावे हे माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. लिहायला बसण्याआधी डॉक्टर सेवालाल राठोड यांनी मला तपासले. तारीख-वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. चौथ्या वजाबाकीला मी चुकलो, पण तिथे आपणही चुकतो असे ते म्हणाले. तेव्हा माझे डोके ठिकाणावर आहे असे समजावे. हृदयाचा भरवसा नाही, म्हणून ही घाई. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू शकणारी एकच व्यक्ती होती, माझी पत्नी विजयमाला, आणि ती सहा वर्षांपूर्वी गेली. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. स्टेशनकडच्या रस्त्यावरचे राहते घर आणि बँकेतली ठेव माझी एकुलती मुलगी मंजुषा हिला द्यावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी. घर विकले तरी माझी हरकत नाही. फक्त अंगणातला लिंब तोडणाऱ्याला विकू नये.

कलम २. माझे वडील रामधन इंगोले हे गावचे कोतवाल होते. त्यांचा पितळी बिल्ला माझ्या टेबलाच्या खणात आहे. तो माझा पुतण्या विकास याला द्यावा. पण बिल्ल्यासोबत एक रीत जाते, ती त्याने समजून घ्यावी. तलाठ्याच्या नोटिसा पोचवणे हे वडिलांचे सरकारी काम. मयताचा निरोप पोचवणे हे बिनपगारी. असा निरोप घेऊन ते कुठल्याही गावी गेले, की चप्पल अंगणात काढायचे, उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि निरोप सांगून होईपर्यंत पाण्याला हात लावायचे नाहीत. सांगून झाल्यावर घरच्यांनी पाणी दिले तर घ्यायचे, नाही दिले तर मागायचे नाही. मला म्हणायचे, "निरोप रस्त्यात कोनाले सांगाचा नाही. ज्याचा हाय, त्याच्याच कानात पयले गेला पाह्यजे."

कलम ३. 'वेशीवरचा माणूस' ही माझी मालिका सात पर्वे चालली. दर पर्वात नवे गाव, नवा मृत्यू, नवा तपास करणारा. पहिल्यात फौजदार होता, दुसऱ्यात नर्स, तिसऱ्यात विमा कंपनीचा माणूस. मालिकेच्या नावाचे आणि मूळ कल्पनेचे हक्क करारानुसार माझ्याकडे आहेत. ते मी विकासला देतो, कारण शेवटची दोन पर्वे त्याने माझ्याबरोबर लिहिली आणि माझी बोलणी खाऊनही टिकला. आठव्या पर्वासाठी त्याला विचारणा झाली आहे. करायचे तर माझ्या अटींवर करावे.

पहिली अट, पहिल्या पर्वातला फौजदार परत आणायचा नाही. निर्माते त्यासाठी दरवर्षी माझ्यामागे लागत, कारण लोकांना तो फार आवडला होता. आवडला म्हणूनच आणायचा नाही. एका घराचे दुःख पाहून त्याने नोकरी सोडली. पुढच्या वर्षी तोच इस्त्रीच्या कपड्यात नव्या प्रेताशेजारी उभा केला, तर त्याचे आधीचे रडणे खोटे ठरते. या वादात निर्माते माझ्याशी दोन वर्षे बोलले नाहीत. मी त्यांना माफ केलेले नाही, पण विकासने हे भांडण पुढे चालवू नये.

दुसरी अट, आधी गाव उभे करायचे, मग मृत्यू. नळ किती दिवसांनी येतो, कोणाचे कोणाशी बोलणे बंद आहे, पारावर कोण कुठे बसतो, हे ठाऊक असल्याशिवाय प्रेत पाडायचे नाही. चौथे पर्व आपटले ते याच कारणाने. तिसऱ्याचा शेवट गाजला म्हणून आम्ही तोच धक्का दुसऱ्या गावाला नेऊन लावला. लोकांनी तो दोन भागांत ओळखला. गुन्हेगारही त्याच गावातला हवा, पहिल्या दोन भागांत जेवताना दिसलेला. शेवटच्या भागात बाहेरून उतरलेला राक्षस मी कधी लिहिला नाही.

तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची. माणसे, गाव, ऋतू सगळे बदलले तरी शेवटचा प्रसंग बदलायचा नाही. तपास करणारा ठाण्यात जाण्याआधी मृताच्या घरी जातो, उंबऱ्याबाहेर उभा राहतो आणि काय घडले ते सांगतो. त्यानंतर पाणी. गुन्हा कोणी केला हे लोक वर्षभरात विसरतात. मी रिसोडच्या बाजारात लोकांना विचारून पाहिले आहे. पण उंबऱ्यावर कोण उभे होते, हे त्यांना सातही पर्वांचे आठवते. मालिका सात वर्षे चालली ती या एका प्रसंगावर, आणि तो माझा नाही. तो माझ्या वडिलांचा आहे.

कलम ४. सातही पर्वांच्या वह्या पत्र्याच्या पेटीत आहेत, त्या विकासला द्याव्यात. तिसऱ्या पर्वाला मिळालेले मानचिन्ह मात्र कोणालाही देऊ नये. ते मोडीत घालावे. कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ५. साधना करण भिसडे, हल्ली राहणार रिसोड, या माझ्या बालमित्राच्या पत्नी. करण २००१ साली इथेच जऊळक्यात, स्वतःच्या विहिरीत मेलेला सापडला. त्या दिवशी सकाळी नवरा-बायकोचे माहेरी जाण्यावरून भांडण झाले होते, ते शेजाऱ्यांनी ऐकले होते. बायकोपायी त्याने उडी मारली, असे गावाने ठरवून टाकले. सासू रंगूबाई तर तोंडावर म्हणायच्या, "माह्या पोराले तूनं खाल्लं."

२००९ साली तिसऱ्या पर्वाची जुळवाजुळव करताना विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा रूपला मला भेटला. तो रडला आणि त्याने सगळे सांगितले. त्या संध्याकाळी विहिरीतल्या पाइपाचा अडकलेला व्हॉल्व्ह काढायला करण दोराने खाली उतरला. दोर काठावरच्या दगडाला रूपलाने बांधला होता. गाठ सुटली. करणचे डोके कपारीवर आपटले. रूपला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. घाबरला, दोर वर ओढून घेतला आणि पळाला. दोर नाही, म्हणून ती उडी ठरली. रूपला मला म्हणाला, "माह्याच्यानं होत नाही. तुमी सांगा साधनाबाईले. तुमी कोतवालाचे पोरगे हा."

मी सांगितले नाही. त्यावेळी तिसऱ्या पर्वाला शेवट सापडत नव्हता, आणि हा शेवट होता. आठ महिने मी तो जपून ठेवला. नावे बदलली, गाव बदलले, दगडावरचा दोराचा व्रण तसाच ठेवला. साधनावहिनींनी तो भाग साऱ्या गल्लीबरोबर टीव्हीवर पाहिला. दुसऱ्या दिवशी मला फोन केला.

"भाऊजी, हे खरं हाय का?"

कोर्टकचेरी होईल, मालिका बंद पडेल, या भीतीने मी म्हणालो, "गोष्ट हाय वहिनी. मनातली."

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पाच वर्षांनी रंगूबाई गेल्या, त्या सुनेला दोष देतच गेल्या. गेल्या पोळ्याला रूपलाही गेला. आता हे फक्त मला ठाऊक आहे. मला याची लाज वाटते, आणि ही लाज मी सोळा वर्षे मानचिन्हाशेजारी ठेवून जगलो.

~~म्हणून मी या सर्व हकिकतीचे सीलबंद पाकीट करून ठेवत आहे. माझ्या मृत्यूनंतर मंजुषाने ते साधनावहिनींना पोचते करावे. मालिकेच्या यापुढील उत्पन्नातला निम्मा हिस्साही त्यांना द्यावा.~~

वरील खोडलेल्या तीन ओळी मी स्वतः खोडल्या आहेत. शेजारी माझी सही आहे. ६ नोव्हेंबरला लिहिल्या आणि रात्रभर झोप लागली नाही. मेलेल्या माणसाने मेलेल्याचा निरोप पाकिटातून पाठवायचा, आणि तोही पोरीच्या हाताने? वडिलांनी मला दारातूनच हाकलले असते. ७ तारखेला सकाळच्या एसटीने मी रिसोडला गेलो. तिथे काय घडले तेही या कागदात राहावे.

दार वहिनींनीच उघडले. मी चप्पल खाली काढली.

"काहून आले?"

"निरोप हाय वहिनी. करणचा."

त्यांनी आत या म्हटले नाही, मीही गेलो नाही. दोर, गाठ, रूपला, सगळे सांगितले. "तुमी फोन केला तवा मी खोटं बोललो," हेही सांगितले. त्या चौकट धरून ऐकत होत्या.

"म्हंजे त्यायनं उडी नाही मारली."

"नाही मारली."

"मंग माह्यावर राग धरून नाही गेले?"

याचे उत्तर माझ्याकडे होते. ते मी मालिकेत घातले नव्हते. वाक्य फार चांगले होते, पण तेवढी शरम तेव्हा शिल्लक होती. उतरताना करण रूपलाला म्हणाला होता, "लवकर आटपू गड्या, घरी जाऊन साधनाले मनवाचं हाय."

वहिनी खाली बसल्या. मग म्हणाल्या, "माह्या सासूनं हे आयकाले पाह्यजे होतं." पुढे म्हणाल्या, "चोवीस वर्सं मी त्या दिवसाचं भांडनच आठवून राह्यली. मनवाले येऊन राह्यले होते, हे मले कोनं सांगाचं होतं भाऊजी?"

"मी."

"मी पानी नाही देत तुमाले आज."

"मी मागतही नाही."

मृत्युपत्रात त्यांचे नाव आहे असे मी सांगितले, तेव्हा त्या एकदम उठल्या. "खोडा ते. माह्या नवऱ्याच्या मरनाचे पैसे मले नको." मग विचारले, "साक्षीदार लागते ना त्याले?" ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्ष घालू नये, असे वकिलांनी सांगितले होते. मी ते त्यांना सांगितले. "मंग मीच घालतो साक्ष," वहिनी म्हणाल्या. "तुमी लिवलं ते खरं हाय, हे सगळ्यायले कळू द्या."

कलम ६. हा कागद माझ्या तेराव्याला जऊळक्याच्या पारावर मोठ्याने वाचावा. साधनावहिनींनी परवानगी दिली आहे. निरोप ज्यांचा होता त्यांना आधी मिळाला आहे, आता गावाला ऐकायला हरकत नाही. कलम ५ मधले एकही अक्षर वगळू नये. विकासने ते वाचावे आणि वाचून होईपर्यंत पाणी पिऊ नये.

येथवर सर्व मजकूर माझ्या हातचा आहे आणि तो मला कबूल आहे.

जगदेव रामधन इंगोले (सही)
ठिकाण: जऊळका
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार १: डॉ. सेवालाल राठोड, मालेगाव (सही). जगदेवरावांनी शुद्धीवर असताना आम्हा दोघांसमोर सही केली.

साक्षीदार २: साधना करण भिसडे, रिसोड (सही). सही माह्यासमोर केली. निरोप भेटला. पानी अजून देल्लं नाही.