डब्यावरची मखमल

गास, वसई
८ ऑगस्ट २०२४

चि. एलिसा हिला आजीचे आशीर्वाद, पोटभर.

आम्ही सगळे बरे आहोत. तुझी आठवण येते वगैरे मी लिहिणार नाही, त्याला तुझी आई रोझलिन समर्थ आहे. महिन्यातून एकदा पाच मिनिटं फोन मिळतो, त्यातली तीन ती रडण्यात घालवते, म्हणून कामाचं पत्रातच लिहिते.

तुझा कॉम्प्युटर मरायला टेकलाय. बटण दाबावं, चहा टाकावा, अंगणातली मोगऱ्याची फुलं काढून यावं, तरी पडद्यावर ती बांगडी आपली फिरतेच आहे. एकदा सुरू झाला की डबा मांजरासारखा घुरघुरतो, चुलीसारखा तापतो आणि अर्ध्या तासात आपोआप बंद पडतो. बंद कसा करायचा हे मला शिकावंच लागलं नाही. तू बसायचीस त्या वेळेला, चारच्या सुमारास, मी रोज लावून ठेवते. प्रेमाने नाही. वापरात नसलेला रहाट गंजतो, एवढं मला चौथीपर्यंतच्या शाळेतही कळलेलं आहे.

तुझा बाप म्हणतो, भंगारात देऊ, त्या जागी फ्रीज बसेल. गोखिवऱ्याच्या कारखान्यात दिवसभर यंत्रं दुरुस्त करतो आणि घरातलं एक धड करवत नाही. मी सांगितलं, मी मेल्यावर काय ते द्या. तर आता हे नीट कसं करायचं ते लिही. मला समजेल असं लिही, इंग्रजी झाडू नकोस.

आठ डिसेंबरला तुझं सिस्टर होण्याचं व्रत. शेजारच्या मर्सीने आतापासून बस ठरवायला घेतलीय, पन्नास जण येणार म्हणते. तुमची मदर पत्रं आधी उघडून वाचते असं ऐकलं. वाचत असाल तर मदर, नमस्कार. पोरीला खायला घाला.

माया आहे ती राहू दे, वाढवायची घाई नाही.
तुझी आजी

•

नाशिक
१७ ऑगस्ट २०२४

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मदर पत्रं उघडत नाहीत गं, पण तुझा नमस्कार मी सांगितला. त्या खूप हसल्या.

कॉम्प्युटरचं असं कर. पडद्यावर कचऱ्याच्या डब्याचं चित्र आहे, त्यावर उजवं बटण दाबून तो रिकामा कर. मग सुरू होतानाच जे चार-पाच प्रोग्रॅम आपोआप उघडतात, ते बंद करून टाक. कसे ते आईला माहीत आहे, मी एकदा दाखवलं होतं. आणि वायर मात्र खेचून काढू नकोस, मशीन बिघडतं.

'एलिसा' नावाची एक पिवळी फाइल दिसेल. त्यात माझी गाणी, फोटो, कॉलेजचं सगळं आहे. ती अख्खी पुसून टाक. खूप जागा मोकळी होईल. मला आता त्यातलं काही लागणार नाही. खरंच काही लागणार नाही, आजी, विचारत बसू नकोस.

इथे पाऊस आहे. मी बागेत वांगी लावली आहेत. जेवण चांगलं असतं, मीच कमी जेवते.

तुझ्या शिव्यांसकट तुझी माया हवी.
एलिसा

•

गास
२६ ऑगस्ट २०२४

चि. एलिसा हिला आशीर्वाद, आणि एक टपली.

सांगितलंस ते सगळं केलं. कचरा रिकामा केला. तो करताना मशीनने मला विचारलं की खात्री आहे का. मला आजवर एवढ्या अदबीने कुणी विचारलेलं नाही, तुझ्या आजोबांनी तर नाहीच. रोझलिनने प्रोग्रॅम बंद केले. फरक एवढाच की पूर्वी दोन टोपल्या फुलं व्हायची, आता दीड होते. तापणं, बंद पडणं तसंच.

मग नालासोपाऱ्याहून दीपेश नावाचा मेकॅनिक बोलावला. डबा न उघडताच म्हणाला, आजी, म्हातारा झालाय, नवा घ्या. मी म्हटलं, म्हातारी मीही आहे, आधी मला बदल. चहा न पिताच गेला.

तुझी पिवळी फाइल पुसली नाही. आता नीट ऐक. मी चार लेकरं वाढवली, म्हशी राखल्या, भाजीची पाटी डोक्यावर घेऊन चाळीस वर्षं बाजार केला. जे माणूस सुखात असतं ते आपल्या जुन्या वस्तूंवर रागवत नाही, विसरतं. तू दोन वर्षं विसरली नाहीस आणि आता म्हणतेस पूस, विचारू नकोस. मग मी विचारणारच. काय बिनसलंय? रोझलिन म्हणते, फोनवर तुझा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. तेव्हापासून माझा पाय घरात ठरत नाही. मागच्या दारी जाते, पुढच्या दारी येते, भाजीत मीठ दोनदा पडतं.

मर्सी बसचे पैसे गोळा करतेय. काय सांगू तिला?

दोन ओळी लिही, पण खऱ्या लिही.
आजी

•

नाशिक
५ सप्टेंबर २०२४

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

फाइल पुसली नसशील तर त्यातले कॉलेजचे दाखले तेवढे राहू दे.

मर्सीआंटीला बस ठरवायला सांगू नकोस.

आजी, इथे कुणी वाईट नाही. मी प्रार्थनेला बसते आणि मनात काहीच येत नाही, नुसती वाट बघत बसल्यासारखं होतं. वर्षभर हेच आहे. मदरना सांगितलं. त्या म्हणाल्या, यात पाप नाही, सगळ्यांना हीच वाट नसते, घरी जायचं असेल तर मोकळ्या मनाने जा. पण कुठल्या तोंडाने येऊ? मला निरोप द्यायला चारशे माणसं आली होती. पप्पांनी मांडव घातला, बँड लावला, फादरनी मिस्साच्या प्रार्थनेत माझं नाव घेतलं. परत आले तर पप्पांना चर्चच्या आवारात मान खाली घालावी लागेल. त्यापेक्षा व्रत घ्यावं असं वाटतं. पुढे होईल सवय.

पप्पांना हे दाखवू नकोस.
तुझीच, कशीही असले तरी,
एलिसा

•

गास
१७ सप्टेंबर २०२४

चि. एलिसा हिला आशीर्वाद.

पत्र तुझ्या बापाला दाखवलं. मला चोरून ठेवता येत नाही, कपाटाची किल्ली त्याच्याकडे असते. त्याने दोनदा वाचलं. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला आणि कॉम्प्युटरच्या डब्यासमोर मांडी घालून बसला. हातांना काम दिल्याशिवाय त्याचं डोकं चालत नाही, लहानपणापासून तसाच.

कॉम्प्युटरला काय झालं होतं ते सांगते. तुला निरोप दिला त्या दिवशी मांडवाला लाल मखमल लावली होती ना, तिचा तुकडा उरला होता. तू गेल्यावर मीच त्याचं कव्हर शिवलं आणि डब्याला घातलं. तू येईपर्यंत धूळ लागू नये म्हणून. चांगलं अस्तर लावून, बटणापुरतं भोक ठेवून चारी बाजूंनी घट्ट. चालू असतानाही काढत नव्हते. ॲन्सेल्मने ते काढलं तर मागची सगळी भोकं मखमलीच्या लवेने बुजलेली, आतला पंखा कापसाच्या बोळ्यासारखा. म्हणाला, आई, याला दोन वर्षं श्वासच मिळालेला नाही. मी म्हटलं, माझी शिलाई पक्की असते.

दात घासायच्या जुन्या ब्रशने त्याने पंखा साफ केला, सायकलच्या पंपाने हवा मारली. आता बटण दाबून वळते न वळते तोच सुरू. दीपेशला निरोप धाडलाय की म्हातारा उठून बसला.

राहता राहिली तुझी चारशे माणसं. ती आली कारण मटण चांगलं होतं. वडे कमी पडले म्हणून मर्सीच्या घरचे आठ दिवस कुरकुरत होते, तू काय होणार आहेस हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. चार दिवस बोलतील, मग कुणाची तरी पोर पळून जाईल आणि तिच्याबद्दल बोलतील. मर्सीला मी सांगून टाकलं की बस रद्द कर, आमची पोर घरी येतेय. ती तोंड वाकडं करून म्हणाली, अरेरे. मी म्हटलं, अरेरे कसलं, मेली नाहीये.

तिथे राहावंसं वाटलं तर राहा, माझी ना नाही. बस काय, परत ठरवता येते. पण मांडवाची लाज म्हणून राहू नकोस. त्या मांडवाच्या मखमलीने एक मशीन गुदमरलं तेवढं पुरे. तुझा बाप रविवारी मिस्सा झाल्यावर फादरशी बोलला. मान वर होती, मी मागच्या बाकावरून बघत होते. नंतर घरी येऊन रोझलिनला म्हणाला की फ्रीज स्वयंपाकघरातच बरा.

एक अडचण मात्र झालीय. पूर्वी हा डबा आपोआप बंद पडायचा. आता पडत नाही, आणि बंद कसा करायचा ते मला येत नाही. वायर खेचू नको असं तूच लिहिलंस. ॲन्सेल्म बंद करायला आला होता, मी हात लावू दिला नाही. तीन दिवस झाले, चालूच आहे. विजेचं बिल येतंय. लवकर ये आणि बंद कर.

आजी