विहिरीच्या वरचा शोषखड्डा

नाना,
मी न जेवताच शाळेत जातेय, इतका राग आलाय! काल संडासाच्या नव्या, अर्धवट खणलेल्या शोषखड्ड्यात मी बादलीभर पाणी ओतलं, ते डोळ्यांदेखत गायब झालं. तुम्ही मात्र खूश! "पानी झटकन जिरी गयं, जागा एक नंबर शे!"

अहो, वर वीतभर पालापाचोळ्याची माती आणि खाली नुसता फुटका मुरूम! घाण गाळायला तिथं आहेच काय? ती उतारानं थेट आपल्या विहिरीत जाणार आणि तेच पाणी रत्नावहिनी बाळाला पाजणार. मी सांगितलं तर तुम्ही म्हणता, "बापले शिकाडस!" हो, शिकवतेय! विहिरीच्या खालच्या उताराला, लांब, जाड मातीत खणायचं कबूल करा. तोवर पहार माझ्याबरोबर शिरपूरच्या बसनं शाळेत येतेय.

दिपमाला