मेलेल्या क्लेमेंटचं आमेन

प्रिय ड्रूसिलाताई,

कॉन्व्हेंटच्या मागच्या पायरीवर आपण दोघी शेंगा सोलत बसलो होतो आणि सिस्टर ऑडिलियांची कोंबडी आपल्या पायाशी येऊन मेली, ती दुपार आठवते? तू टोपली बाजूला ठेवून तिच्यासाठी मृतांची प्रार्थना म्हटलीस, मी मागून ‘आमेन’ म्हटलं, आणि संध्याकाळी सिस्टरांनी तिचंच सूप केलं. तुझे गुडघे कसे आहेत? माझा खोकला बरा आहे. इकडे ॲरिझोनात धूळ सोडली तर सगळं ठीक आहे.

तुझा क्लेमेंट (‘पडद्यावर दरोडे घालणारा माझा मुलगा नव्हे’ असं म्हणून तू त्याला दार बंद केलंस, तरी तुझाच) महिनाभर आमच्या रँचवर होता. बोलपटाची मंडळी आली होती. पूर्वी मूकपट व्हायचे तेव्हा दिग्दर्शक कर्ण्यातून ओरडायचा आणि आम्हीही कुंपणाशी उभं राहून खुशाल गप्पा मारायचो. आता शिंकायची चोरी! आवाज टिपणारं यंत्र त्यांनी माझ्या पाण्याच्या पिंपामागे लपवलं, पवनचक्की बांधून ठेवली, ऑर्व्हलना (माझ्या नवऱ्याला, स्वतःच्या अंगणात!) बूट काढायला लावले आणि कोंबड्या तळघरात कोंडल्या. तरी लाल कोंबडी ऐन गोळीबारात ओरडलीच.

क्लेमेंटला बोलायला दोन वाक्यं होती आणि मग मरण. ताई, किती शांत मेला गं! पिंपाला टेकून खाली घसरला, टोपी धुळीत पडली, डोळे मिटले. माझं भानच हरपलं. कुंपणाआडून तोंडातून आपोआप निघून गेलं, ‘प्रभू, याला चिरशांती दे.’ आणि मेलेला क्लेमेंट मिटल्या डोळ्यांनी म्हणाला, ‘आमेन.’

क्विंबीसाहेब, म्हणजे दिग्दर्शक, कडाडले, ‘बाई, कोंबड्यांबरोबर तुम्हालाही कोंडायला हवं होतं! आणि तू रे, मेलास ना? मग बोलतोस कसा?’

क्लेमेंट उठून धूळ झटकत म्हणाला, ‘माफ करा साहेब. आईने सवयच तशी लावली आहे.’

ऊन उतरलं होतं, मंडळींना लगेच परतायचं होतं, आणि आवाज आणि चित्र एकाच फितीवर असल्याने प्रार्थना काढावी तर मरणही जात होतं. म्हणून ते तसंच ठेवलं. गावातल्या थिएटरात ते मरण आलं तेव्हा गुराख्यांनी टोप्या काढल्या. नायकाचं नाव आता कुणाला आठवत नाही. कंपनी म्हणते, पुढच्या चित्रपटात क्लेमेंट शेरीफचा भाऊ, आणि शेवटपर्यंत जिवंत!

तुझी,
हर्मिना

ता. क. हे पत्र टपालाने आलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. आणणारा फाटकाबाहेर उभा आहे. दोन वाक्यंही नकोत, ‘आत ये’ एवढं पुरे.

आणखी एक. पीचच्या मुरंब्याची मोठी बरणी तुला, लहान बरणी फादर बार्थोलोम्यूंना. टोपलीतली लाल कोंबडी सुपासाठी. तिची प्रार्थना तू म्हण. मागून ‘आमेन’ म्हणायला तो आहेच.