दोन रोबोट, एक लॉक

प्रिय ताई,

फोनवर बोलायला घेतलं की मी भलतंच काहीतरी बोलत सुटतो, तू हसतेस आणि मग फोन ठेवायची वेळ होते. म्हणून लिहितोय. कागद इथल्या ऑफिसातून उचललेत, मागे कुणाची तरी सामानाची यादी छापलेली आहे, तिकडे बघू नकोस. अक्षराबद्दल काही बोलायचं नाही. शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाकडून तुझी अपेक्षा तरी किती असणार?

परवा आईशी बोललो. तिनं सहज सांगावं तसं सांगितलं की गॅस बंद केल्यावर तू तीन-तीनदा जाऊन बघतेस, मग भाऊजींनाही बघायला लावतेस. घरात दुसरं कुणी असल्याशिवाय छकुलीला उचलत नाहीस. ती पाळण्यात रडत असते आणि तू दारात उभी राहून आईला हाका मारतेस. आई म्हणाली, पहिलं मूल आहे, होतं असं, सहा-सात महिन्यांत जाईल. पण मग तिनं तुझं वाक्य सांगितलं, "माझ्या हातांचा भरवसा नाही गं, ते विसरतात." तेव्हापासून मला कशातच गोडी वाटत नाही. ताटावर बसतो आणि उठतो.

मी सध्या प्रदर्शनांचे मंडप आणि स्टॉल उभारणाऱ्या एका टोळीत आहे. मुकादम चांगला आहे, फक्त त्याला स्वतःच्या शिट्टीचं फार कौतुक. तो शिट्टी वाजवतो आणि आम्ही चौघं चार दिशांना पळतो. राहायला एक खोली आहे, तिची खिडकी शेजारच्या भिंतीकडे उघडते, म्हणजे उघडते असं म्हणायचं. त्याआधी मी कुरिअरवर होतो, त्याआधी एका बेकरीत पीठ उचलायला. तू म्हणतेस ना, पायाला भिंगरी आहे याच्या. असो, सांगायचं होतं ते हे की गेल्या आठवड्यात आम्हाला एका हॉलमध्ये मोठा काचेसारखा पिंजरा उभारायचं काम मिळालं. पॉलिकार्बोनेटच्या जाड शीट, लोखंडी चौकट, वरूनही बंद. मुकादमाला वाटलं पक्ष्यांचं प्रदर्शन आहे. मी पहिली शीट उचलली आणि मला कळलं कशासाठी आहे ते. शीट पुन्हा खाली टेकवली.

रोबोटच्या मारामारीची स्पर्धा होती. पोरं, पोरी, दोन पांढऱ्या केसांचे आजोबा, एक दातांची डॉक्टर. प्रत्येकाच्या टेबलावर तेच सगळं पसरलेलं, आपल्या मागच्या खोलीत असायचं तसं. जळलेल्या मोटरचा वास मी तीस पावलांवरून ओळखला. मला तिथून निघून जायचं होतं, पण पिंजरा उतरवेपर्यंत आमची ड्युटी होती, म्हणून दोन दिवस तिथेच बसून राहिलो.

तुला आठवतं, सुरुवात कशी झाली ते? तू मोटर वाइंडिंगच्या दुकानात होतीस, तारेचे वेढे न मोजता बरोबर घालायचीस, दुकानवाले काका म्हणायचे, हिच्या बोटांना आकडे येतात. एक दिवस तू कुठल्या तरी ड्रोनच्या दोन मोटरी घेऊन आलीस आणि म्हणालीस, चल, एखादं भांडखोर काहीतरी बनवू. पहिला रोबोट डब्याच्या पत्र्याचा होता, स्वतःच्याच चाकावर चढून उलटा पडला. आई म्हणाली, घरात एक कमी होता का. मग आला तो दीड किलोचा, पुढे आडवं पातं असलेला. पातं पूर्ण वेगात फिरलं की असा आवाज करायचं की तू त्याचं नाव आत्या ठेवलंस. आणि मग माझी छोटी, अर्ध्या किलोची चिंगळी.

लोकांना वाटतं हे खेळणं आहे. खेळणं असतं तर परवडलं असतं. एका लढतीत दोन मोटरी जायच्या, बॅटरी फुगायची, पोलादाचं पातं दाते पडून परत यायचं. तुझा अर्धा पगार आत्या खायची. तू दोन वर्षं तीच चप्पल शिवून वापरलीस आणि मी मात्र रोज नवीन काहीतरी मागायचो. तू जिच्यात कधीच कंजुषी केली नाहीस अशी एकच गोष्ट, सुरक्षा. गॉगल आधी घेतलेस, मोटरी नंतर. बॅटरी पत्र्याच्या पेटीत ठेवूनच चार्ज करायची आणि शेजारी वाळूची बादली. पातं फिरवून बघायचं तर पेटीत ठेवून, झाकण लावून. आणि लॉक. पात्याच्या भोकातून आरपार जाणारी ती लोखंडी सळी, शेवटाला लाल फडक्याची शेपटी. रोबोट पेटीबाहेर असला की सळी आत. यावर तू मला एकदा कानाखाली वाजवली होतीस, आठवतं?

इथे तपासणीला एक बाई होत्या. तंत्रशाळेत लेथ शिकवून निवृत्त झालेल्या, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांची पद्धत अशी की एकानं म्हणायचं, "लॉक लावला," आणि दुसऱ्यानं हात लावून म्हणायचं, "बघितला." एका पोरीनं मोबाईलमधून मान वर न काढता "बघितला" म्हटलं. बाईंनी दोघांना रांगेच्या शेवटी पाठवलं. पोरगी कुरकुरली, "पण यानं लावलाय ना, मी बघतेच आहे." बाई म्हणाल्या, "तू त्याच्यावर विश्वास ठेवतेस, लॉकवर नाही. उलटं कर." मी शीट धरून उभा होतो. मुकादमाने शिट्टी वाजवली ती मला ऐकूच आली नाही.

आता त्या दिवसाबद्दल. सगळ्यांना जे माहीत आहे ते असं. दुपारची वेळ, तू टेबलावर आत्याची चाकं तपासत होतीस, म्हणून तिची वीज चालू होती. कुणीतरी दुरुस्तीचा पंखा घेऊन आलं म्हणून तू दाराशी गेलीस. परत येऊन तिला उचललंस, तेव्हा माझ्या हातून रिमोटची पट्टी सरकली, पातं फिरलं, कारण तू लॉक लावायला विसरली होतीस. उजव्या हाताचं पहिलं बोट गेलं आणि मधल्याचं टोक. दवाखान्यात मी रडत होतो तर तूच माझ्या पाठीवरून डावा हात फिरवलास. म्हणालीस, "पट्टी कुणाचीही सरकते रे, त्यासाठीच तर लॉक असतो. चूक माझी." चार दिवसांनी तू मला विचारलंस, अगदी हळू, "पण मी लावला होता ना रे? मला वाटतं मी लावला होता." मी म्हटलं, आठवत नाही.

मग तू आत्या भंगारात दिलीस, दुकानात जाणं सोडलंस. काकांनी तुझी खुर्ची सहा महिने रिकामी ठेवली, तीन बोटांनीही हिच्याइतकं कुणाला जमणार नाही म्हणायचे. आम्हाला वाटायचं तुला हाताची लाज वाटते. मी पाचव्या महिन्यात घर सोडलं आणि सगळ्यांना सांगितलं की मला एका जागी करमत नाही. तेवढं एक खोटं सगळ्यांनी पटकन मानलं.

ताई, लॉक तू लावला होतास. तू दाराशी गेलीस तेव्हा मी तो काढला. आपल्याकडे दोन रोबोटना मिळून एकच लॉक होता, कारण दुसऱ्यासाठी तू दिलेल्या पैशांचे मी चिंगळीला डोळ्यांचे स्टिकर आणले होते. मला चिंगळीचं वजन करायचं होतं, आणि पेटीबाहेर काढायची म्हणजे तिच्या पात्यातही लॉक हवाच. तू वीज काढून गेली असशील असं मी धरून चाललो, बघितलं नाही. वजन झालं, तसा तिची चाकंही जरा फिरवून बघू म्हणून रिमोट हातात घेतला. रिमोट दोघींना एकच, त्यात नाव अजून आत्याचंच निवडलेलं होतं, आणि चिंगळीची चाकं फिरवणारी पट्टीच आत्याचं पातं फिरवायची, ती मी पुढे नेली. सरकली नाही, नेली. तू लॉककडे बघितलं नाहीस, कारण पाच मिनिटांपूर्वी तो स्वतःच्या हातानं लावला होतास. आणि याहून वाईट ते पुढे आहे. तू ओरडलीस तेव्हा मी आधी चिंगळीतून लॉक उपसला, ड्रॉवरमध्ये टाकला, ड्रॉवर बंद केला, आणि मग तुझ्याकडे धावलो. नंतर तुला तो ड्रॉवरमध्ये सापडला आणि तू स्वतःला दोषी धरलंस. मला वाटत होतं मी तुझी फक्त बोटं घेतली. आईचा फोन झाला आणि कळलं, तुझा स्वतःवरचा विश्वासही मीच नेला, आणि तो तीन वर्षं माझ्याकडे ठेवून गावोगाव फिरलो. हे पत्र आईला आणि भाऊजींना मोठ्यानं वाचून दाखव, एक शब्द गाळू नकोस. मी येत्या रविवारी येतोय, दार उघडायचं की नाही ते तू ठरव, मी जिन्यात थांबेन. माफी मागायला हे लिहिलेलं नाही. तुझे हात काहीही विसरलेले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि त्यानंतरही नाही, एवढं तुला कळावं म्हणून लिहिलंय. आता कुणाला हाक मारू नकोस. छकुलीला उचलून घे.

तुझाच,
धाकटा