माझी चुंबळ अजितला

मी, जागृती दलसिंग भिल, वय तेवीस, बी.ए., राहणार लोणखेड्याजवळची वस्ती, तालुका शहादा, लिहून ठेवते की माझं डोकं शाबूत आहे. बिघडला आहे तो डावा खुबा. सिकलसेलने तो निकामी केला. सोमवारी नाशिकला तो बदलतील. आमच्या घरात बदलायला तयार झालेला पहिला तोच. भुलीच्या डॉक्टरांनी धोका समजावून सांगितला, म्हणून कोणाच्याही दबावाशिवाय ही व्यवस्था करते.

१. घर बाबांचं आहे. माझी फक्त दाराजवळची प्लास्टिकची खुर्ची. पदवी मिळाली तेव्हा बाबांनी ती आणली, मला मानाने तिच्यावर बसवलं, आणि तेव्हापासून घरातली कुठलीही गोष्ट मला विचारून ठरवली नाही. खुर्ची दिवलीआत्याला. तिचे गुडघे दुखतात, आणि तिला न विचारताही बोलता येतं.

२. पुस्तकं, टेबलफॅन आणि सायकल धाकटी बहीण रिना हिला. ती बारावी झाली आहे. लोणखेड्याच्या कॉलेजात तिचा प्रवेश मी घेऊन ठेवला आहे. बाबांनी मात्र मुकादमाला शब्द दिला की दिवाळीनंतर ती ऊसतोडीला बारडोलीकडे येईल. कारण कोयता म्हणजे दोन माणसं: पुरुष तोडतो, बाई मोळी बांधून डोक्यावर वाहते. आई गेल्यावर ती बाई मी होते, खुबा जाईपर्यंत. दोन हंगामांच्या मधे मी समतेवर निबंध लिहून बक्षीसही मिळवलं. रिनाने फडात न जाता कॉलेजात जावं, यासाठीच हा सगळा कागद आहे.

३. मोळीखाली डोक्यावर घ्यायची माझी कापडाची चुंबळ भाऊ अजित याला. तो धडधाकट आहे. शहाद्याच्या बसस्टँडवर दिवसभर उभा राहू शकतो, म्हणजे पायही चांगले. बाबांबरोबर तू का जात नाहीस, असं विचारलं तर म्हणाला, "मोळ्या वाहनं बायासनं काम शे, ताई. लोके हासतीन." लोक हसतील हे खरं. मी वाहत होते तेव्हा कोणाला हसू आलं नव्हतं, हेही खरं. दुपारी तो झोपला असताना चुंबळ त्याच्या डोक्यावर ठेवून पाहिली. नीट बसते.

४. आमच्यात गेलेल्या माणसाबरोबर त्याची भांडी, कपडे ठेवायची रीत आहे. माझ्याबरोबर पदवीची फ्रेम ठेवू नये. तिने इथे नोकरी दिली नाही. तिथेही अर्ज करत बसायची माझी इच्छा नाही. चुंबळ तर मुळीच ठेवू नये. ती पाहून तिकडेही कोणी मोळ्या दाखवेल.

५. अंमलबजावणी बाबांनी करावी. त्यांना हे वाचून दाखवलं, तेव्हा ते विझलेली बिडी ओढत बसले. मग म्हणाले, "मरानं नाव कसाले काढस, पोरी? अन् जित्ती उनी ते?"

त्याचीही सोय करते. मी जिवंत परत आले, तर हे मृत्युपत्र रद्द समजावं. कलम दोन आणि तीन मात्र माझ्या मरणाची वाट न पाहता आजपासून लागू.

बाबांनी खाली सही केली आहे. अजित चहा आणायला म्हणून गेला, तो अजून आलेला नाही. चुंबळ दारात, खुर्चीवर ठेवली आहे.

लिहून देणार: जागृती दलसिंग भिल
मान्य: दलसिंग (स्वतःची सही, मीच शिकवलेली)

साक्षीदार:
१. उमाकांत सर, माझ्या जुन्या वसतिगृहाचे अधीक्षक
२. रूपलीबाई, शेजारी, अंगठा. त्यांच्या सांगण्यावरून लिहिलं: "अजितना डोकावर चुंबळ मी बी दखी. बराबर बसस."

ठिकाण: लोणखेडा
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२५